भोंग्याचा दुसरा आवाज

भोंगा हे त्याचं घरचं नाव नव्हे. बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात तो एकतीस वर्षं लोखंडी पत्रे जोडणारे रिव्हेट मारत होता. सुटी झाली की फाटकाबाहेर येऊन तो कुणाला तरी हाक मारायचा आणि चहावाला म्हणायचा, "आज भोंगा दोनदा कसा वाजला?" ते जे चिकटलं ते कायमचं.

शेडच्या आत मात्र त्या आवाजाचा काडीचा उपयोग नव्हता. रिव्हेटची बंदूक सुरू झाली की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी त्याला ऐकू जात नसे. म्हणून तिथली माणसं तोंडाने बोलत, आवाजाने नाही. ओठ, दात, जबडा सावकाश आणि ठसठशीत हलवायचे आणि समोरच्याने ते डोळ्यांनी ऐकायचं. नवा माणूस सहा महिन्यांत शिकायचा. न शिकेल त्याचं बोट जायचं. साहेबाला शिव्या द्यायच्या त्या याच भाषेत. साहेब समोर उभा असला तरी त्याला पत्ता लागत नसे.

भोंग्याचा जोडीदार पक्कड. भोंगा बाहेरून बंदूक चालवायचा आणि पक्कड बॉयलरच्या पोटात बसून रिव्हेटच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. पोटात बसणाऱ्याचे कान आधी जातात. पक्कडचे पंचेचाळिशीतच गेले. "पगार घरी आणला, कान कारखान्यात जमा केले," असं तो स्वतःच म्हणायचा. पण समोर बसून बोललं तर त्याला सगळं कळायचं, इतकं की तो बहिरा आहे हे त्याच्या सुनेला लग्नानंतर वर्षाने कळलं.

भोंगा निवृत्त झाला तोवर त्याच्या बायकोची नजर साखरेच्या आजाराने गेली होती. एकदम नाही गेली. आधी सुई ओवता येईना, मग पायरी दिसेना, मग खिडकी कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते तेही कळेना. मुलगी लग्न होऊन लांबच्या शहरात. पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ही दोघंच. त्या दोन खोल्यांत भोंग्याचा आवाज दिवसभर चालू असायचा. "जिना आला." "तवा तापलाय, हात मागे घे." "समोरच्या गॅलरीत लाल चादर वाळत घातलीय, एक टोक नालीत लोंबतंय." बायको म्हणायची, "हळू बोला हो, मी आंधळी झालेय, बहिरी नाही." पण एकदा तिने असंही म्हटलं होतं, "तुम्ही बोलता तेवढंच मला दिसतं."

आवाज बसला तेव्हा त्याने मिठाच्या गुळण्या केल्या. तीन महिने केल्या. कामाच्या माणसाला डॉक्टरकडे जायचं म्हणजे खाडा वाटतो, निवृत्त झाल्यावरही. गेला तेव्हा डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. "गळ्यातली आवाजाची पेटी काढावी लागेल. नाही काढली तर एक वर्ष. काढली तर पुष्कळ वर्षं, पण आवाज नाही."

ऑपरेशनला नऊ दिवस होते. दुसरा कुणी असता तर त्या नऊ दिवसांत बायकोशी चार गोड गोष्टी बोलला असता. भोंगा घर सोडताना बांधाबांध करणाऱ्यासारखा बोलला. कुठल्या डब्यात काय, कुठल्या फळीला चीर आहे, दाराची वरची कडी कशी उचलून सरकवायची. बसलेल्या आवाजात तो सांगत राहिला आणि ती पाठ म्हणत राहिली. इस्पितळात नेताना तो शेवटचं बोलला ते, "चप्पल पलंगाखाली उजवीकडे आहे."

तो परत आला तेव्हा गळ्याच्या खाली, कॉलरच्या गुंडीपाशी, एक भोक होतं. श्वास तिथूनच आत, तिथूनच बाहेर. फुप्फुसातली हवा आता तोंडापर्यंत येत नव्हती, मग शब्द कुठून येणार?

घर बंद पडलं. दोघांनी खुणा ठरवल्या: टेबलावर एक टिचकी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. हो आणि नाही यांच्यावर संसार चालत नाही. तो पाटीवर लिहायचा आणि समोरच्या काकू येऊन वाचून दाखवायच्या. एकदा त्याने लिहिलं, "आज तुझी वेणी मी घालतो." काकूंनी ते मोठ्याने वाचलं आणि "अगंबाई, म्हातारपणी नवरा लाडात आलाय" म्हणून हसल्या. त्यानंतर त्याने पाटीवर गोळ्या, दूध आणि वीजबिल एवढंच लिहिलं.

आणि बाहेर काय होतं? बाहेर त्याचं काहीच गेलं नव्हतं. कारखान्याच्या फाटकासमोरच्या बाकांवर जुनी मंडळी संध्याकाळी बसत. भोंगा ओठ हलवायचा आणि सगळ्यांना शब्द न शब्द कळायचा. पक्कड म्हणाला, "लेका, तुझं ऑपरेशन झालं हे मला कुणी सांगितलं नसतं तर कळलंच नसतं."

एकदा तो बायकोलाही बाकावर घेऊन गेला. ती तासभर मांडीवर हात ठेवून बसली. तिला पक्कडचं बोलणं ऐकू येत होतं, इतरांचं हसणं ऐकू येत होतं, आणि मध्ये मध्ये नवऱ्याच्या जागी नुसती पोकळी. घरी आल्यावर ती म्हणाली, "त्यांच्याशी बोलता. माझ्याशी तेवढं बोलता येत नाही तुम्हाला."

त्याने टेबलावर दोन टिचक्या मारल्या. मग पुन्हा दोन. पण "नाही, असं नाही" हे टिचकीने सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो इस्पितळातल्या वाचा विभागात जाऊन बाकड्यावर बसला. नंबर न लावता. तिथल्या बाई तिशीच्या. त्यांनी विचारलं तेव्हा त्याने पाटीवर लिहिलं, "बायको आंधळी आहे. तिला मधे कुणी न घेता माझं बोलणं कळलं पाहिजे. बाकी काही नको."

बाईंनी आधी गळ्याला लावायचं एक यंत्र दिलं. ते गुणगुणायचं आणि त्याच्यावर शब्द निघायचे. घरी लावलं तर बायको पदर झटकत म्हणाली, "घरात भुंगा शिरलाय का?" यंत्र परत गेलं. मग बाईंनी भिंतीवर चेहऱ्याचं चित्र लावलं, बाजूने कापल्यासारखं, नाकापासून गळ्यापर्यंत. पाईप, झडपा, वळणं. भोंग्याला ते चित्र पहिल्या फटक्यात कळलं, कारण तो आयुष्यभर अशीच चित्रं बघत आला होता.

"बोलायला दोन गोष्टी लागतात," बाई म्हणाल्या. "हवा आणि अडथळा. शाळेत क, ख, ग, घ पाठ केलंत ना? ती यादी कुणी उगाच रचलेली नाही. ती या चित्रातून आत-बाहेर फिरते. क म्हणताना जीभ मागे, घशाजवळ अडते. च म्हणताना टाळूला. ट म्हणताना टोक वर वळून लागतं. त म्हणताना दातांना. प म्हणताना ओठच मिटतात. आतून बाहेर, पाच ठिकाणं, पाच रांगा."

भोंग्याने म्हणून बघितलं, नुसत्या ओठांनी. जीभ खरोखरच एकेक पायरी पुढे येत होती. साठ वर्षं ती जीभ तोंडात वागवून त्याने हे पाहिलं नव्हतं.

"आता प्रत्येक रांग बघा. प, फ, ब, भ, म. ओठ पाचही वेळा तसेच मिटतात. मग फरक कशाने होतो? प कोरडा. फ मध्ये वर श्वास सोडलेला. ब म्हणताना गळ्यातली पेटी थरथरते. भ मध्ये थरथर आणि श्वास दोन्ही. म मध्ये थरथर आहेच, पण हवा नाकाने जाते." बाईंनी चित्रातल्या गळ्यावर बोट ठेवलं. "तुमची पेटी गेली, श्वास खालच्या वाटेने निघून जातो, नाकाकडे हवा पोचत नाही. म्हणजे प्रत्येक रांगेतलं पहिलं अक्षर तेवढं तुमच्याकडे धड राहिलंय."

त्याने पाटीवर लिहिलं, "पंचवीसपैकी पाच."

"पाच. आणि ह मुळीच नाही. ह म्हणजे नुसता श्वास."

त्याने पाटी पुसून लिहिलं, "पाच पुरे. सुरू करा."

युक्ती अशी होती. तोंडातली हवा जिभेने मागे दाबून अन्ननळीत ढकलायची आणि लगेच परत सोडायची. नळीचं तोंड थरथरतं आणि खर्जातला एक आवाज निघतो. त्या आवाजावर जिभेने आणि ओठांनी शब्द कोरायचे. प, ट, क म्हणताना हवा आपोआप आत दाबली जाते, म्हणून शिकवणी त्यांच्यापासून. पत्ता. काटा. टोपी. पाट.

"म्हणजे ढेकर," भोंग्याने लिहिलं.

"शहाणा ढेकर," बाई म्हणाल्या.

बाकावर हे कळल्यावर सगळे पोट धरून हसले. "आयुष्यभर जेवल्यावर ढेकर दिला म्हणून वहिनी रागवायच्या, आता ढेकर शिकवायला बाई ठेवली," पक्कड म्हणाला. पण सरावाला तोच बसला. रोज दोन तास, बाकावर, समोरासमोर. भोंग्याला काम कसं करायचं ते ठाऊक होतं. एक शब्द शंभरदा, मग पुढचा. गळ्याच्या शिरा फुगायच्या, भोकातून फस्स करून हवा सुटायची, डोळ्यांना पाणी यायचं. पक्कड मान डोलवायचा. "टोपी. साफ. पाट. साफ. आता 'पाटावर बस' म्हण. एकदम साफ." दोन महिन्यांत पक्कडने त्याला पास करून टाकलं.

भोंग्याने त्या दिवशी दाढी केली. बायको ओट्याशी उभी होती. तो तिच्या मागे जाऊन उभा राहिला, हवा दाबली आणि होती नव्हती तेवढी ताकद लावून म्हणाला, "पाटावर बस."

ती वळली. "पोटात दुखतंय का?" तिने विचारलं. "ओवा देऊ?"

तो पुन्हा म्हणाला. तिने त्याच्या पोटावर हात ठेवला. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा ती घाबरली आणि समोरच्या काकूंना हाका मारू लागली.

दुसऱ्या दिवशी तो पक्कडला बखोटीला धरून बाईंकडे घेऊन गेला. बाईंनी दोघांचं ऐकून घेतलं आणि पक्कडला म्हणाल्या, "काका, तुम्ही भिंतीकडे तोंड करा." तो वळला. भोंगा म्हणाला, "टोपी." पक्कड भिंतीकडे बघत उभा. भोंगा म्हणाला, "पाटावर बस." पक्कड उभाच. मग पाठमोराच म्हणाला, "अरे, बोल की. किती वेळ उभं करतोस?"

पक्कड वळला, दोघांचे चेहरे बघितले आणि त्याला समजलं. दोन महिने त्याने एक अक्षर ऐकलं नव्हतं. नेहमीसारखे ओठ वाचले होते. आणि भोंग्याने बहिऱ्या माणसाकडून आवाज तपासून घेतला होता, तोही मनापासून, रोज दोन तास. दोघांपैकी एकाच्याही हे ध्यानात आलं नव्हतं, कारण एकतीस वर्षं त्यांच्यात ऐकणं म्हणजे बघणंच होतं.

"मला फाशी दे," पक्कड म्हणाला. भोंग्याने ओठांनी काहीतरी सांगितलं. पक्कड थोडा हसला. ते काय होतं ते बाईंना कळलं नाही, आणि दोघांनी सांगितलंही नाही.

"तुम्ही ताकद फार लावता," बाई भोंग्याला म्हणाल्या. "ताकद लावली की फुप्फुसं जोर करतात आणि भोकातून फस्स होतं. त्या फस्समध्ये शब्द बुडतो. कमी लावा."

हे त्याला सर्वांत जड गेलं. कमी लावा असं त्याला जन्मात कुणी सांगितलं नव्हतं. आठ-दहा दिवस तो चिडून होता. मग एकदा त्याला घणाची आठवण झाली. रिव्हेटची बंदूक येण्याआधी तोही घण मारायचा. घण उचलायला ताकद लागते, पडतो तो त्याच्या वजनाने. पडताना जो जोर लावतो त्याचा घाव तिरका बसतो. हे त्याने स्वतः किती उमेदवारांना शिकवलं होतं. त्याने जिभेने हवा आत टाकली आणि काही न करता सोडून दिली. खर्जात, बारीक, पण स्वच्छ, "टोपी" असा शब्द पडला.

पुढे सात महिने. या खेपेला सराव रिकाम्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून. ग आणि ब थोडे थोडे आले. म काही केल्या येईना, त्याचा ब व्हायचा. ह आला नाही. एका सकाळी बाहेर जाताना त्याने सहज विचारलं, "टोपी कुटे?"

"खुंटीला," बायको म्हणाली आणि भाजी चिरत राहिली. मग तिची सुरी थांबली. "कोण आहे?"

"बी," तो म्हणाला.

ती उठून चाचपडत आली आणि त्याच्या तोंडावर हात ठेवला. "पुन्हा बोला." तो बोलला. तिने ओठांवर बोटं ठेवून ऐकलं. मग म्हणाली, "शब्द तुमचे आहेत." आणि रडली. आवाजाबद्दल ती काही बोलली नाही. त्यानेही विचारलं नाही.

घर पुन्हा चालू झालं, पूर्वीपेक्षा मंद. एका हवेत तीन-चार शब्द बसत. "पायरी." "दूद आलं." तिला ते कळत. रोज संध्याकाळी ती ओल्या फडक्याने त्याच्या गळ्याच्या भोकाभोवती पुसायची. त्याला ते आरशाशिवाय दिसायचं नाही, तिला आरशाची गरज नव्हती.

वर्षभराने बाईंनी एक माणूस पाठवते म्हणून सांगितलं. बसचा कंडक्टर, चाळिशीतला, असंच ऑपरेशन झालेला. चार महिने शिकतोय, पण खचलाय. "तुमच्याकडे बसला तर धीर येईल." भोंग्याने होकार दिला. आपण कुणाला तरी काम शिकवणार याचा त्याला आनंद झाला होता, तो त्याने लपवला नाही. पाच वाजता ये, असा निरोप दिला. साडेतीनला तो कापूस आणि जाळीचं कापड आणायला खाली उतरला आणि नेहमीप्रमाणे दार लोटून घेतलं.

कंडक्टर चारलाच आला. पत्ता सापडेल की नाही या धास्तीने लवकर निघाला होता. दार लोटलेलं होतं. आत भोंग्याची बायको होती. जिना चढून दम लागला होता, म्हणून शिकलेल्यांतला सोपा शब्द त्याने आधी काढला. "पाडी." ण त्याचाही ड होत होता.

"आलात? मिळाला का कापूस?" बायको म्हणाली. "बसा."

त्याला वाटलं, असा आवाज या घराला रोजचाच, म्हणून ती दचकली नाही. तो बसला. "तकलो," तो म्हणाला. थकलो म्हणायचं होतं, पण थ अजून त्यालाही जमत नव्हता.

तिने पाणी दिलं. मग फडकं ओलं करून आणलं, त्याच्या शेजारी बसली, सवयीने गळ्याशी हात नेला, गुंडी सोडली आणि भोकाभोवती पुसू लागली. भोक तिथेच होतं, तेवढंच होतं. कंडक्टर दगडासारखा बसून राहिला. नको म्हणायला हवा लागते, ती त्याच्या तोंडात नव्हती.

भोंगा दारात आला तेव्हा ती बोलत होती.

"बरेच दिवस सांगायचं होतं," ती म्हणत होती. "त्या दिवशी बाकावरून आल्यावर मी नको ते बोलले. त्याच्यामुळे तुम्ही हे सगळं करत बसलात. मला ऐकू येतं, किती त्रास होतो ते. फार होत असेल तर नका बोलू. टिचक्या बऱ्या होत्या. मी सवय करून घेईन."

भोंग्याला "अगं" म्हणायचं होतं. ते शब्द त्याच्यासाठी होते आणि परक्या माणसाच्या गळ्याशी बसून ती ते देऊन टाकत होती. त्याने जोर लावला. इतक्या दिवसांत शिकलेलं सगळं विसरून जोर लावला, आणि भोकातून नुसतं फस्स झालं.

तिचा हात थांबला. दाराकडून आवाज आला होता, आणि हाताखालचा गळा तर इथेच होता. तिने हात वर नेला. कान, गाल, डोकं. भोंग्याला टक्कल होतं. तिच्या बोटांत दाट केस आले.

ती उठली नाही, ओरडली नाही. हात मांडीवर ठेवले. "हे कोण आहेत?" तिने दाराकडे तोंड करून विचारलं.

कंडक्टरने गुंडी लावली आणि उठला. भोंग्याजवळून जाताना त्याने हात जोडले. भोंग्याने ओठांनी सांगितलं की तुझी चूक नाही, पण कंडक्टरला शेडची भाषा येत नव्हती. तो पुन्हा घरी आला नाही. बाईंकडेच शिकला.

बायकोने फडकं साबणाने धुतलं. मग आणखी एकदा धुतलं. संध्याकाळी एवढंच म्हणाली, "आवाज दोघांचा अगदी सारखा आहे हो."

पुढच्या आठवड्यात भोंगा बाईंकडे गेला. या वेळी पाटी नेली नव्हती. "आवाज," तो म्हणाला, हवा घेतली, "बाजा करता येईल?"

म चा ब झाला होता. बाईंना कळायला क्षण लागला: माझा करता येईल का, असं तो विचारत होता. त्यांनी खोटं सांगितलं नाही. गळ्यातल्या पेटीचे पडदे प्रत्येकाचे वेगळे असतात, लांबी वेगळी, जाडी वेगळी, म्हणून हाक ऐकली की माणूस कळतो. अन्ननळीचं तोंड बोलण्यासाठी घडलेलंच नाही. त्याचा खर्ज बहुतेकांचा जवळपास सारखाच. "जीभ तुमची आहे, थांबण्याची ढब तुमची आहे. कान बसला की थोडा फरक कळतो," त्या म्हणाल्या.

"किती दिवस?"

"सांगता येत नाही."

जे काम किती दिवसांचं ते सांगता येत नाही, ते त्याने आयुष्यात घेतलं नव्हतं. हे घेतलं. सराव तो अजूनही करतो, भिंतीकडे तोंड करून, रोज एक तास.

बायको तेव्हापासून घरातही विचारते. तो आत आला, बोलला, की ती आधी हातातलं काम ठेवते आणि तोंड वर करते. "कोण?"

"बी," तो म्हणतो.

ते तिला पुरत नाही. ती हात पुढे करते. तो जवळ जाऊन आपला हात तिच्या हातात देतो. ती तळव्यावरचे घट्टे अंगठ्याने चाचपते, सावकाश, एकेक करून, आणि मग हात सोडते.

"हं. बोला आता," ती म्हणते.

तोवर घेतलेली हवा निघून गेलेली असते. तो पुन्हा घेतो.